हिंदीतले 'तो' आणि 'ताकि'

वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात व्याकरणाचा विषय घेऊन कोणी उभा राहिला, तर पहिल्या पाच मिनिटांत निम्म्या खुर्च्या मोकळ्या व्हावयाच्या, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यात बोलणारा शास्त्री नव्हे, प्राध्यापक नव्हे. नववीतून शाळा सोडून कारखान्यात शिरलेला आणि पुढे सारी उमर कामगार संघटनेचे काम करण्यात घालवलेला माणूस. अशाने व्याकरणावर बोलावे हे सुताराने नाडी पाहण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर आमचे उत्तर एवढेच, की आमच्या हातून हिंदीच्या व्याकरणात एकदा एक चूक झाली आणि तिची किंमत आम्ही दिली नाही. चाळीसएक कुटुंबांनी दिली. ती चूक कोठून आली याचा शोध घेता घेता आम्ही बरेच मागे गेलो. त्या वाटेवर जे भेटले ते सांगावे, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

गोष्ट 1994 सालची. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) कंत्राटी कामगारांचा पगाराचा तंटा चालू होता. कायम कामगार बहुतेक मराठी, सिन्नर-निफाड-दिंडोरीकडचे. कंत्राटी साठेक जण, त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले. त्यांच्यापुढे दरवाजावर सभा घ्यावयाची आमची पहिलीच वेळ. आम्ही मनात मराठी वाक्य जुळवले, 'तुम्ही साथ देता तर आम्ही शेवटपर्यंत लढतो', आणि त्याचे हिंदी करून मोठ्या आवाजात म्हणालो, 'आप लोग साथ देते तो हम आखिर तक लड़ते!' टाळ्या पडल्या नाहीत. आम्हांस वाटले, माणसे दमली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजावर वीसही जण नव्हते. बाकीचे पहाटेच आत कामावर गेले होते, आणि कंत्राटदाराने पुढे ज्या कागदावर त्यांचे अंगठे घेतले तो कागद त्यांना दोन वर्षे नडला. बलियाकडचे एक वयस्क फिटर होते. त्यांना सगळे चाचा म्हणत, आम्हीही म्हणत असू. चहाच्या टपरीवर त्यांनी आमच्यापुढे पेला सरकवला आणि म्हणाले, 'भाऊ, कल तो आपने लड़ाई ही ख़तम कर दी।' आम्ही थक्क झालो. मग त्यांनी उलगडून सांगितले. आमच्या वाक्याचा त्या साठ जणांनी घेतलेला अर्थ असा होता : तुम्ही साथ दिली असती, तर आम्ही शेवटपर्यंत लढलो असतो. म्हणजे तुम्ही साथ दिली नाही. आम्हीही लढणार नाही. झाले ते झाले. पुढाऱ्याने दोष आपल्या माथी मारून अंग काढून घेतले, असे त्यांना वाटले. आम्ही वचन देत होतो आणि ऐकणारे निरोप ऐकत होते.

कोठे बिघडले? अवघ्या एका अक्षरात. मराठीत 'लढतो' म्हटले की वर्तमानकाळ पुरा झाला. त्याला 'आहे'चा टेकू लागत नाही. हिंदीत 'लड़ते' एवढ्यावर वाक्य उभे राहत नाही, 'लड़ते हैं' म्हणावे लागते. (नकारात चालते, 'मैं नहीं जाता' हे शुद्ध हिंदी आहे. म्हणूनच आमच्यासारख्याची फसगत अधिक.) त्या 'हैं'वाचून आणि पुढे-मागे 'तो' ठेवून 'देते' आणि 'लड़ते' ही रूपे उभी केली, की ती न घडलेल्या गोष्टीची होतात. आम्हांस म्हणावयाचे होते, 'आप लोग साथ देंगे तो हम आखिर तक लड़ेंगे।' मुंबईच्या बाजारी हिंदीत 'हैं' गाळून सर्रास बोलतात आणि भागून जाते, कारण तेथे सगळेच तसे बोलतात. बलियाच्या माणसापुढे ते भागले नाही.

खरे लाजिरवाणे पुढेच आहे. हे रूप आमच्या स्वतःच्या घरात होते. कोणत्या मराठी मुलाने 'मला पंख असते तर' हा निबंध लिहिलेला नाही? 'परीक्षा नसत्या तर', 'आरसा नसता तर'. आपण सहज म्हणतो, 'मी तुझ्या जागी असतो तर असे केले नसते.' यातला 'असतो' वर्तमानकाळाचा नव्हे. 'मी रोज पाच वाजता घरी असतो' यात जो शब्द खरी गोष्ट सांगतो, तोच 'तर' जोडला की नसलेली गोष्ट सांगू लागतो. मराठीने हे रूप आज मुख्यतः 'असणे' या एका क्रियापदापाशी राखून ठेवले आणि बाकी क्रियापदांना 'आला असता', 'गेलो असतो' अशी त्याचीच शेपटी लावून दिली. हिंदीने ते सगळ्या क्रियापदांना मोकळे ठेवले : आता तो, जाता तो, मिलता तो. एका वाड्याच्या वाटण्या झाल्या. एका भावाने ओसरी वापरात ठेवली, दुसऱ्याने तिला कुलूप लावून फक्त एक खोली उघडी ठेवली, असा हा प्रकार आहे.

तो मूळ वाडा कोणता, हे आम्हांस सार्वजनिक वाचनालयात बसून कळले. संस्कृतात न घडलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचे स्वतंत्र रूप आहे; पाणिनीच्या दहा लकारांपैकी ते लृङ्. पाणिनीने त्या अर्थाला जो शब्द योजला आहे तो आम्हांस फार आवडला : क्रियातिपत्ति. क्रिया घडण्याच्या बेतात असावी, आणि कारण न जुळल्यामुळे ती हातून निसटून जावी. टीकाकार त्याचे उदाहरण देतात ते पावसाचे आणि सुकाळाचे. आमच्या शाळेच्या पुस्तकातही संकेतार्थाच्या धड्यात पाऊस आणि पीकच होते. दोन अडीच हजार वर्षांत या देशाचा 'जर' काही फारसा बदललेला दिसत नाही.

पण हे लृङ् बोलण्यात टिकले नाही. प्राकृत भाषांत ते झिजून गेले, आणि त्याचे काम करावयास दुसरेच रूप पुढे आले. याची साक्ष बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड पाटणला बसून हेमचंद्राचार्यांनी नोंदवून ठेवली आहे. सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने त्यांनी जे मोठे व्याकरण रचले, त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा. त्यात ते सांगतात की क्रियातिपत्तीच्या अर्थी 'न्त' आणि 'माण' लागलेली रूपे येतात. म्हणजे 'करीत असलेला' अशा अर्थाचे जे धातुसाधित विशेषण, तेच न घडलेल्या गोष्टीला वापरू लागले. त्या 'न्त'मधला न गळाला, त राहिला, आणि हिंदीचे 'करता', 'आता', 'लड़ता' तयार झाले. आमचे 'असता' त्याच घराण्यातले. 1994 साली कारखान्याच्या दरवाजावर आम्ही ज्या शब्दाला ठेचकाळलो, तो निदान आठशे वर्षे तेथेच उभा होता.

आता हिंदीचे व्याकरण प्रथम लिहिले कोणी, हा प्रश्न. याचे उत्तर ऐकून आम्हांस गंमत वाटली. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हिंदुस्तानी व्याकरण एका डच कंपनीच्या नोकराने लिहिले : योहान केटेलार. मूळचा एल्बिंग गावचा, पुस्तके बांधणाऱ्याचा मुलगा. सुरतेस कंपनीच्या वखारीत चढत गेला, पुढे मोगल दरबारात वकील म्हणूनही जाऊन आला. त्याने डच भाषेत लिहिलेल्या या पुस्तकाची 1698 सालची हस्तलिखित प्रत आहे. छापून बाहेर आले ते लॅटिनमध्ये, 1743 साली, तो वारल्यावर पाव शतकाने. पुस्तके शिवणाऱ्याच्या पोराने पुस्तक लिहावे, याचे आमच्यासारख्याला अगत्य वाटणारच. पण त्याने नमुन्यादाखल जो मजकूर हिंदुस्तानीत उतरवला, त्यात ख्रिस्ती दहा आज्ञा आहेत. आज्ञांत 'जर' नसतो.

पुढे 1772 साली लंडनला जॉर्ज हॅडली या इंग्रज कंपनीच्या फौजेतील कॅप्टनाचे पुस्तक निघाले. त्याची गरज सरळ होती. हाताखालच्या शिपायांना त्यांच्या बोलीत हुकूम देता आले पाहिजेत. मग जॉन गिलख्रिस्ट. हा एडिंबरोचा, पेशाने डॉक्टर. 1796 साली कलकत्त्यास त्याचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि 1800 साली फोर्ट विल्यम कॉलेज निघताच तेथे हिंदुस्तानीचा मुख्य अध्यापक झाला. त्याचे उपकार नाकारता यावयाचे नाहीत. लल्लूलाल आणि मीर अम्मन यांच्याकडून गद्य लिहवून घेतले ते त्याच कॉलेजात. परंतु विलायतेहून उतरलेल्या तरुण साहेबांसाठी त्याने जे संवाद रचले, ते चाळून पाहावेत. पाणी आण, पालखी आण, घोडा तयार कर, इतका उशीर का केलास. आम्ही काही गिलख्रिस्टला दोष देत नाही. गिऱ्हाइकाला हवे ते त्याने दिले. व्याकरणात संकेताची रूपे हे लोक देतात, नाही असे नाही. पण ज्याला हुकूम सोडावयाचा आहे त्याचे लक्ष आज्ञार्थावर, आणि ज्याला सौदा करावयाचा आहे त्याचे लक्ष संकेतार्थावर, हा फरक कारखान्यात काम केलेल्याला सांगावा लागत नाही. आमच्या कारखान्याचे सुपरवायझर हिंदी बोलत तेही सगळे आज्ञार्थात. त्यांचे व्याकरण कधी चुकले नाही.

यांत वेगळा निघाला तो सॅम्युएल केलॉग. अमेरिकन पाद्री, अलाहाबादेकडे राहणारा. त्याचे हिंदी व्याकरण 1876 चे आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती 1893 ची. त्याने नुसती पुस्तकी हिंदी घेतली नाही. ब्रज, अवधी, मारवाडी, भोजपुरी, मैथिली अशा कितीतरी बोलींची क्रियापदे कोष्टकांत शेजारी-शेजारी मांडली. हा माणूस 1899 साली लंढौरच्या डोंगरात सायकलवरून जाताना कड्यावरून पडून मेला. त्या कोष्टकांवरून बोट फिरवीत असता आम्हांस चाचांचे बोलणे उमगू लागले. चाचा घरच्या माणसाशी बोलताना 'तूँ अइतऽ त हम जइतीं' म्हणत. तू आला असतास तर मी गेलो असतो. म्हणजे त्यांच्या बोलीत या न घडलेल्या गोष्टीला स्वतःचे पक्के रूप आहे आणि त्याला पुरुषाप्रमाणे प्रत्ययही लागतात. ज्याच्या कानाला जन्मापासून हा भेद ठसठशीत ऐकू येतो, तो आमच्या 'लड़ते'ला लढण्याचे वचन कसे समजेल?

परक्यांचे एवढे पुरे. हिंदीचे व्याकरण हिंदीवाल्याने, हिंदीत आणि भरभक्कम पायावर लिहिले ते कामताप्रसाद गुरु यांनी. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने ते 1920 साली प्रसिद्ध केले. महावीरप्रसाद द्विवेदी, रामचंद्र शुक्ल, चंद्रधर शर्मा गुलेरी अशा मोठ्या माणसांच्या समितीने ते आधी तपासले होते. गुरु जन्मले सागरला 1875 मध्ये, पोटासाठी शाळामास्तरकी केली, वारले जबलपूरला 1947 मध्ये. सागर म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांचे सागर. तेथे मराठी कानांवर पडणे अवघड नव्हते. आणि येथेच आमच्या शोधाला घरचा रस्ता लागला. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली निघाले होते. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. गुरूंनी आपला ग्रंथ रचताना दामल्यांच्या या ग्रंथाचा आधार घेतला आणि प्रस्तावनेत ते ऋण मानले.

आमच्या हाती गुरूंचे पुस्तक आले ते मावशींकडून. 1936 साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि पुढच्या काळात गावोगावच्या मराठी बायकापुरुषांनी तिच्या परीक्षा दिल्या. आमच्या मावशींचे 'कोविद'चे प्रमाणपत्र स्वयंपाकघराच्या दारावर चौकटीत लावलेले होते. हिंदी माणसाशी त्या जन्मात दहा वाक्ये बोलल्या असतील की नाही शंका आहे, पण व्याकरण मुखोद्गत. आमची फजिती ऐकून त्या हसल्या नाहीत. उठून फडताळातून पुस्तक काढून दिले आणि म्हणाल्या, 'संकेतार्थ वाच, आणि मग त्या तुझ्या चाचांना विचार.'

पुस्तक उघडले आणि शाळेतला जुना सोबती भेटावा तसे झाले. आपल्याकडे उभयान्वयी अव्ययांत स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक असे गौणत्वाचे चार गट पाठ करून घेतात. गुरूंकडे तेच चार आहेत : कारणवाचक, उद्देश्यवाचक, संकेतवाचक, स्वरूपवाचक. क्रियापदाच्या अर्थांतही आपला संकेतार्थ तेथे संकेतार्थच आहे, आणि त्याची तीन रूपे ते देतात. सामान्य : वह चलता. अपूर्ण : वह चलता होता. पूर्ण : वह चला होता. आम्ही दरवाजावर बोललो ते पहिले. 'संकेत' या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ ठराव, करार असा आहे. दोघांनी आपसात ठरवले, तू हे करशील तर मी ते करीन. व्याकरणकारांनी हा शब्द निवडला तेव्हा त्यांच्या मनात कामगार-मालक खास नव्हते, पण आम्हांस तो शब्द आपला वाटला.

मग चाचांची शिकवणी सुरू झाली. रात्रपाळी सुटल्यावर, त्याच टपरीवर. पुस्तकात 'यदि' आहे, 'अगर' आहे. चाचा म्हणाले, 'यदि' कागदावर लिहितात, 'अगर' बोलतात, आणि घाई असली की दोन्ही सोडतात. 'तो' मात्र सुटत नाही. आपलेही असेच आहे. 'जर' गाळून 'आलास तर भेटू' म्हणतो. 'तर' गाळून पाहा, वाक्य कोसळते. दोन्ही भाषांत भार दुसऱ्या शब्दावर आहे. पहिल्याला कोणी विचारीत नाही.

पुढचा धडा अधिक बारीक होता. मराठीत आपण बहुतेक वेळा 'तो आला तर' एवढ्यावर काम भागवतो. हिंदीत 'वह आए तो', 'वह आएगा तो' आणि 'वह आया तो' अशी तीन दारे आहेत. चाचांनी ती कशी समजावली? ते म्हणाले, गावाहून भाऊ यावयाचा आहे, पण पत्र नाही, तर म्हणतात 'आए तो'. त्याने तिकीट काढल्याचे कळले की 'आएगा तो'. आणि सावकाराचा माणूस यावयाचा असेल तर? 'आया तो क्या कहेंगे!' व्याकरणाचे पंडित हे इतके साफ कापून देणार नाहीत, वापरात या तिन्हींची सरमिसळ पुष्कळ होते. पण आम्ही मात्र पुढे भाषणाच्या आधी स्वतःला विचारू लागलो, की आपल्या मनात आहे ते पत्र नसलेल्या भावासारखे आहे, तिकिटासारखे की सावकारासारखे. चौथे दार 'आता तो'. त्याला आम्ही बाहेरून कडी घातली.

आता हेतूची वाक्ये. ती अधिक सोपी असावीत अशी आमची समजूत होती. मराठीत हेतू सांगावयाचा झाला तर कर्ता एकच असल्यास 'पैसे मिळवायला आलो', 'मिळवण्यासाठी आलो'. कर्ता बदलला की 'मुलांनी शिकावे म्हणून आलो'. हिंदीत पहिल्याला 'कमाने आए हैं', 'कमाने के लिए आए हैं', आणि दुसऱ्याला 'ताकि बच्चे पढ़ें'. हा 'ताकि' फारशीतून आलेला, 'अगर'ही तिकडचाच. गुरूंच्या उद्देश्यवाचकांत कि, जो, ताकि, इसलिए कि एवढे आहेत. त्यांतले 'इसलिए कि' कारणवाचकांतही आहे. येथेही घरची खूण पटते. आपला 'म्हणून' असाच दोन्ही घरचा पाहुणा आहे. 'पाऊस पडला म्हणून' हे कारण, 'पाऊस पडावा म्हणून' हा हेतू. शब्द तोच, भेद सारा क्रियापदात. हिंदीतही 'ताकि'च्या मागे 'पढ़ते हैं' चालत नाही, 'पढ़ें' हे संभावनेचे रूपच लागते. मराठी माणूस येथे दोन ठिकाणी उघडा पडतो. एक तर 'म्हणून'चे भाषांतर 'करके' करतो, 'बच्चे पढ़ें करके आया'. दुसरे, आपल्या 'त्याने यावे', 'त्याने यायला पाहिजे' यांच्या ओढीने 'उसने आना चाहिए' म्हणतो. तेथे 'उसको' हवे. पहिल्यावर चाचा हसत, दुसऱ्यावर कपाळाला हात लावीत.

त्या दिवसांत आम्ही संघटनेची नोंदवही हिंदीत लिहू लागलो होतो. नाव, गाव, काम, आणि शेवटच्या रकान्यात आम्ही आपल्या मनाने एक प्रश्न घातला : येथे कशासाठी आलात? व्याकरणाचा सराव होईल हा आमचा आपमतलबी हेतू. उत्तरे आली ती एकाच ठशाची नव्हती. 'बहन का ब्याह करना है।' 'खेत रेहन पड़ा है, छुड़ाने आए हैं।' 'भाई इंटर में है, उसकी फ़ीस के लिए।' एकाने सांगितले, 'ताकि बाप को कोई नौकर न कहे।' पन्नासएक माणसांत 'ताकि' बोललेला तो एकटाच. आम्ही त्याला बराच वेळ पाहत राहिलो, मग लिहून घेतले. हेतू सांगावयास माणसाला उभयान्वयी अव्यय लागतेच असे नाही. पण करार लिहावयास लागते, आणि तेच सांगून आम्ही हा विषय आवरता घेतो.

2003 साली दुसऱ्या एका कारखान्यात (त्याचेही नाव नको) आम्ही तडजोड घडवून आणली. मराठी मसुद्यात कलम होते : 'उत्पादन वाढावे म्हणून प्रत्येक कामगारास दरमहा दोनशे रुपये प्रोत्साहन भत्ता देण्यात येईल.' कंत्राटी कामगारांसाठी हिंदी प्रत कचेरीतून तयार होऊन आली. 'उत्पादन बढ़ने पर प्रत्येक कामगार को प्रतिमाह दो सौ रुपये प्रोत्साहन भत्ता दिया जाएगा।' आम्ही दोन्ही प्रती वाचल्या आणि दोन्हींवर सही केली. नऊ वर्षे संकेतार्थ घोटलेल्या माणसाने सही केली! कारण आम्ही 'यदि' शोधीत होतो, 'तो' शोधीत होतो. दोन्ही नव्हते, तेव्हा अट नाही असे धरून चाललो. 'बढ़ने पर' हे आम्हांस 'बढ़ने के लिए'च्या जवळचे वाटले. चाचा तेव्हा निवृत्तीला आले होते आणि याच कारखान्यात कंत्राटावर होते. फलकावर लावलेली प्रत त्यांनी चष्मा लावून वाचली आणि आम्हांस बोलावून म्हणाले, 'भाऊ, इसमें तो शर्त है।'

पहिले तीन महिने मागणी मंदावली, उत्पादन वाढले नाही. मराठी प्रतीच्या कामगारांस भत्ता मिळाला. हिंदी प्रतीच्या कामगारांस मिळाला नाही. कचेरीचे म्हणणे, कागद वाचा. आम्ही म्हणालो, दोन्ही प्रती एकाच ठरावाच्या आहेत. ते म्हणाले, मग दोन्हींवर सही कोणाची आहे? तीन बैठका झाल्या. एका बैठकीत तर व्यवस्थापनाचे गृहस्थ आम्हांस समजावू लागले की हेतू आणि अट यांत व्यवहारात फरक तो काय. उत्पादन वाढावे हीच दोघांची इच्छा. आम्ही त्यांस विचारले, तुमचा पगार घर चालावे म्हणून मिळतो की घर चालल्यास मिळतो? ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या बैठकीत नवी हिंदी प्रत आली : 'प्रोत्साहन भत्ता दिया जाएगा ताकि उत्पादन बढ़े।' लागू मात्र चौथ्या महिन्यापासून. मागचे माणशी सहाशे रुपये गेले ते गेलेच.

नवी प्रत आम्ही चाचांकडे नेली. त्यांनी 'ताकि'वर बोट ठेवून वाक्य दोनदा वाचले, कागद घडी करून परत दिला आणि विचारले, 'और वो छह सौ?'

आम्ही म्हणालो, 'चाचा, हमने ठीक से पढ़ा होता तो...'

'तो मिल जाता,' चाचा म्हणाले, आणि चहा सांगितला.